गाडी चालू झाली, पण चौथा हीटर अडकला

लाइपझिग, १८ जानेवारी

ती. बाबा,

संक्रांतीला फोन कट झाला तेव्हा मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो, बोटं सुन्न झालेली, म्हणून परत लावला नाही. आता सगळं लिहूनच पाठवतो, लांबेल, चष्मा लावून वाचा. आईसाठी शेवटी वेगळं आहे.

तर ती पांढरी व्हॅन. २००९ ची, चार सिलिंडर डिझेल, मी अन वर्ध्याच्या मित्राने मिळून सप्टेंबरात घेतली, शनिवारच्या बाजारात तर्री पोहे लावायला. तेव्हा चावी फिरवली की चालू. नोव्हेंबरात पहाटे दोनदा सेल्फ मारावा लागायचा, अन डिसेंबरात उणे ८ झालं तर सहा-सहा वेळा, मग एकदाची खडखडत उठायची, अर्धा मिनिट थरथरायची अन मागून पांढऱ्या धुराचा असा लोट निघायचा की समोरच्या आजीबाईंनी एकदा खिडकी उघडून पाहिलं. तीच गाडी दुपारी, गरम असताना, काहीच झालं नाही अशी चालू.

तुम्ही तेव्हाच विचारलं होतं, "सेल्फ जड फिरून राह्यला का हल्का?" मी म्हटलं, हे काय विचारणं झालं बाबा, थंडीत बॅटरीच बसते सगळ्यांची, अन १४० युरोची नवीन बॅटरी आणून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. सेल्फ मस्त जोरात फिरून राहिला, मीटर लावलं तर सेल्फ मारताना पण १० व्होल्टच्या खाली येईना, पण इंजिन पकडतच नव्हतं. जुनीनेही जोरातच फिरत होता हे मला तेव्हा आठवलं. तुम्ही हसाल, हसा.

मग तुम्ही सांगितलेला धूर पाहिला. सेल्फ मारताना धूरच नसता तर डिझेल येऊन नाही राहिलं, हवा घेऊन राहिली म्हणायची. इथे तर पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे डिझेल आत जातं पण जळत नाही.

धाकट्याने विचारलं होतं ना की डिझेलमध्ये ठिणगी नसते तर पेटतं कशाने, त्याला वाचून दाखवा. पिस्टन हवेला सोळा-अठरा पट दाबतो, दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल पडल्या पडल्या पेट घेतं. पण सकाळी इंजिनचं लोखंडच बर्फासारखं, हवेची गरमी ते आधी पिऊन टाकतं, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक छोटा हीटर दिलेला असतो, चावी अर्धी फिरवली की तो लाल होतो. आपल्या मॅटाडोर व्हॅनमध्ये तुम्ही चावी फिरवून मोठ्याने वीसपर्यंत मोजायचे अन मी मागे संत्र्यांच्या पेट्यांवर बसून तुमच्यासोबत मोजायचो, काटोलहून कळमन्याला निघताना, तेच ते. तेव्हा मला वाटायचं की तुम्ही देवाचं काहीतरी म्हणता.

हीटरवर जायच्या आधी अजून एक शंका काढून टाकली, डिझेलची. थंडीत आपलं खोबऱ्याचं तेल बाटलीत थिजतं अन आई ती गच्चीवर उन्हात ठेवते, तसं डिझेलमधलं मेण पण थिजून फिल्टर चोक करतं. इथे १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारी संपेपर्यंत पंपावर थंडीचं डिझेल असतं, उणे २० पर्यंत चालणारं, पण माझ्या टाकीत सप्टेंबरचंच अर्धं पडलं होतं. पोह्यांचा धंदा किती जोरात चालला ते यावरून समजून घ्या. नवीन भरलं, फिल्टर बदलला. काही फरक नाही.

गोडाऊनमधल्या एका पोराने हवेच्या नळीत मारायचा स्प्रे दिला, म्हणे एक फवारा मार, लगेच उठते. तुम्ही फोनवर ओरडलात ते बरं केलं. हीटर लाल असताना आत ईथर गेलं तर भडका, पिस्टन फुटायचे. डबा त्याला परत दिला.

मीटर ज्यांच्याकडून आणलं ते गोडाऊनमधले म्हातारे गृहस्थ, रिटायर व्हायला आलेले. त्यांना आपल्या मॅटाडोरचा फोटो दाखवला, तो कळमना मार्केटसमोरचा, तर ते उडालेच, त्यांच्या वडिलांकडे मॅटाडोर होती म्हणे! टेम्पो ही मूळची हॅम्बुर्गचीच कंपनी, मॅटाडोर नाव पण तिचंच, १९४९ पासूनचं. आपण इतकी वर्षं मुळात जर्मन असलेल्या गाडीत संत्री वाहत होतो अन मला इथे येऊन कळलं.

तर मीटर. प्रत्येक हीटरवरची टोपी काढायची, मीटर ओमवर ठेवायचं, एक काडी हीटरच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. पहिला ०.८, दुसरा ०.९. तिसऱ्याला लावलं तर मीटर ढिम्म, काही दाखवेचना, मला वाटलं काडी नीट टेकली नाही, घासून परत लावली, तरी तेच. चौथा पण तसाच. दोन मेलेले! अन डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा रोज शहाण्यासारखा लागायचा अन विझायचा. या गाडीत तो नुसता वेळ मोजतो, हीटर तापला का नाही त्याला काय माहीत. वायरला टेस्ट लॅम्प लावून पाहिला, करंट येत होता, म्हणजे फ्यूज अन रिले ठीक.

चार हीटर ६० युरोला मिळाले. रात्री बुडाशी गंज सोडायचं तेल मारून ठेवलं, सकाळी वीस मिनिटं गाडी फिरवून इंजिन गरम केलं, मग १० ची लांब गोटी लावून थोडा सोडव, थोडा परत आवळ, असं करत तीन निघाले. तिसऱ्याचं टोक काळं, फुगून फाटलेलं. चौथा अगदी मागे, हात जेमतेम जातो, अन तो हलेचना. जोर लावला तर पाना वाकल्यासारखा वाटला, तिथेच थांबलो. तुटून अर्धा आत राहिला तर इंजिनचं वरचं हेडच उतरवावं लागेल, अन इथल्या गॅरेजवाल्याचा तासाचा रेट ऐकून तुम्ही खाटेवर बसाल.

सध्या तीन हीटरवर दुसऱ्या सेल्फला उठते, थोडी लंगडते, धूर कमी आहे. शनिवारी बाजारात वेळेवर पोचलो, पोहे अकरालाच संपले. आई, तर्री अजून नागपूरच्या कस्तुरचंद पार्कसारखी येत नाही, चण्याचा रस्सा पातळ होतो अन वर तेल तरंगत नाही, मसाला आधी किती वेळ परतायचा ते बोलून पाठव, लिहू नको.

बाबा, मला आठवते, मॅटाडोरचा एक हीटर असाच अडकला होता अन तुम्ही अन सक्करदऱ्याच्या मिस्त्रीने दोन दिवस काहीतरी केलं होतं. गरम इंजिनवर सोडवला होता का थंड झाल्यावर? तेल किती दिवस मारलं? येत्या रविवारी परत हात घालीन, त्याच्या आधी सांगा.

तुमचा,
बाळू