जुनी शॉटगन घेतोयस तर

प्रिय सुन्या,

ग्रीन कार्ड झालं, मनापासून अभिनंदन रे! आणि टेक्सासात गेल्या गेल्या तुला स्कीटचा, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्या शॉटगनने फोडायच्या खेळाचा, नाद लागला, हे तर लय भारी. नवी घ्यायची गरजच नाही, पॉनशॉपमधे, म्हणजे गहाणवटीच्या दुकानात, बघ. पण एक ऐक, तिथे भाव नुसता बोलून पडत नाही, बंदूक नीट बघितली की पडतो.

रेमिंग्टन ८७० नाहीतर मॉसबर्ग ५०० बघ. दोन्ही पंप ॲक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या, ८७० तर १९५० पासून आहे, पार्ट्स कुठेही मिळतात. हातात घेतलीस की आधी ॲक्शन उघडून चेंबर (गोळी झाडताना काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन (बाकीची काडतुसं राहतात ती जागा) रिकामं आहे ना ते स्वतः बघ, दुकानदाराने सांगितलं तरी बघ. मग त्याला विचारून नळी काढायला लाव, ८७० ची पुढची टोपी आणि ५०० चा पुढचा स्क्रू फिरवला की सुटते, आणि आतून टॉर्च मारून बघ, खड्डे किंवा पोचे असतील तर लगेच दिसतात. ८७० च्या एक्सप्रेस मॉडेलच्या मॅट फिनिशवर गंज पटकन धरतो, म्हणून फोअरएंडखाली, म्हणजे त्या पुढच्या मुठीखाली, बोट फिरवून बघच. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या दिसल्या तर कुणीतरी घरी उघडाउघडी केलीय असं समज.

आता भाव. लोक काय मागतायत ते बघू नकोस, तसाच पीस खरंच कितीला विकला गेला ते ऑनलाइन बघून जा. दुकानाने गहाण ठेवताना किमतीपेक्षा बरंच कमी कर्ज दिलेलं असतं आणि माल पडून राहिला की त्यांचा पैसा अडकतो, त्यामुळे जागा असतेच. टॅग ३५० डॉलरचा असेल तर गंज दाखव आणि शांतपणे म्हण, कॅश देतो, टॅक्स धरून २९० करा. टॅक्स ८.२५ टक्क्यांपर्यंत लागतो म्हणून बोलणी नेहमी टॅक्स धरूनच कर. अर्ध्या किमतीला मागून समोरच्याचा अपमान करू नकोस, त्यालाही पोट आहे. नाही जमलं तर नंबर देऊन निघ, महिनाअखेरीला कधीकधी फोन येतो.

दुकानातून बंदूक घेताना फॉर्म ४४७३ हा फेडरल फॉर्म भरावा लागेल, ग्रीन कार्ड सोबत ठेव, त्यावरचा नंबर विचारतात. बॅकग्राउंड चेक कधी लगेच होतो, कधी थांबवतात, घाबरू नकोस. आणि कुणी ओळखीचा म्हणाला की माझ्यासाठी तुझ्या नावावर घे, तर सरळ नाही म्हण, तो फेडरल गुन्हा आहे.

आवडलेल्या पीसचे फोटो पाठव, स्क्रूचे क्लोजअप नक्की काढ.

तुझा,
मंग्या