सूचना : रावेर-यावल सेवा केंद्रचालक सभासदांसाठी

नमस्कार. केळी पीकविम्याचा अर्ज भरताना गट क्रमांक, खाते क्रमांक, आयएफएससी असं एकेक कॉपी-पेस्ट करत बसतो आणि समोर शेतकरी दादा ताटकळत उभे राहतात. वेगळं सॉफ्टवेअर नको. विंडोज १० च्या २०१८ मधल्या अपडेटपासून क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, आतच आहे. विंडोजचं बटण धरून व्ही दाबा, पहिल्या वेळी ती चालू करा. शेवटच्या २५ कॉपी यादीत दिसतात, हवी ती क्लिक करा. गावच्या बँकेचा आयएफएससी पिन करून ठेवा, रीस्टार्टनंतरही राहतो.

मात्र आधार क्रमांकही त्याच यादीत साठतो. प्रत्येक अर्जानंतर ‘क्लिअर ऑल’ कराच. चहाला उठताना विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा.