‘कै.’ आणि ‘श्री.’ यांच्या मध्ये थरथरलेला फोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलमुळे कशात मन लागत नाही, अशी तक्रार करणारी पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात. त्यांतली बहुतेक ‘फोन बाजूला ठेवा’ या उपदेशापाशी येऊन थांबतात. मी गेली बावीस वर्षे घरी बसून मुद्रितशोधनाचे काम करते. लेखकांशी बोलायला, अक्षरजुळणी करणाऱ्यांकडून पाने मागवायला मला फोन लागतोच. तो बाजूला ठेवून माझे भागत नाही. म्हणून फोनचे नव्हे, त्याच्या वाजण्याचे काय करायचे, याबद्दल लिहिते आहे.

निमित्त एका चुकीचे आहे आणि चूक माझीच आहे.

गेल्या वर्षी एका आत्मचरित्राची शेवटची प्रुफे माझ्याकडे होती. ऋणनिर्देशाच्या पानावर लेखकाच्या दोन शिक्षकांची नावे एकाखाली एक होती. एक सर हयात नाहीत, दुसरे आहेत. जुळणीत ‘कै.’ आणि ‘श्री.’ यांची अदलाबदल झाली होती. हस्तलिखितात बरोबर होते, दोन्ही कागद माझ्यासमोर होते, पेन्सिलीचे टोक नेमके त्याच ओळीवर होते. तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. मी तो उचलला नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. ‘कोण असेल?’ एवढेच मनात आले आणि पेन्सिल पुढच्या ओळीवर सरकली. तासाभराने पाहिले, तर एका ॲपने कळवले होते की माझ्या ओळखीच्या कुणीतरी बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला आहे.

पुस्तक छापून आले. ज्यांच्या नावाआधी ‘कै.’ लागले होते ते सर प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी पान उघडले, वाचले आणि लेखकाला म्हणाले, “जरा घाई केलीत.” सगळे हसले. मला काही हसू आले नाही. उरलेल्या प्रतींमध्ये शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी लागली आणि ती मीच चिकटवली.

‘फोनला हातही लावला नव्हता’ हे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. मग फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांच्या २०१५ सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचले आणि तो बचावही गेला. लक्षपूर्वक करायच्या कामात गुंतलेल्या माणसाचा फोन नुसता वाजला किंवा थरथरला आणि त्याने तो पाहिलाही नाही, तरी कामातल्या चुका वाढतात, असे त्यांना आढळले होते. म्हणजे न पाहणे हा काही उपाय नव्हे. वाजूच नये, अशी व्यवस्था करायला हवी.

पण काय वाजू नये? ते ठरवायला मी माझ्या धंद्यातलीच रीत वापरली. वहीचे एक पान घेतले आणि सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत फोन जितक्या वेळा वाजला, थरथरला किंवा उजळला, तितक्या ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीपुढे कोणी वाजवले ते लिहिले. एकूण ९४ ओळी झाल्या. त्यांतल्या ११ कुणा माणसाने मला उद्देशून पाठवलेल्या. ५२ माणसांनीच पाठवलेल्या, पण ग्रुपवर, सगळ्यांसाठी. उरलेल्या ३१ कोणीच पाठवलेल्या नव्हत्या! ‘तुम्ही यांना ओळखत असाल’, ‘चार वर्षांपूर्वीची आठवण पाहा’, ‘तुम्ही काय काय चुकवलेत’, ‘अमक्याने तमक्याच्या पोस्टवर मत मांडले’. यांतल्या एकाही ओळीमागे मला काही सांगायचे म्हणून बसलेला माणूस नव्हता. मी बराच वेळ ॲपमध्ये फिरकले नव्हते, म्हणून ॲपनेच कडी वाजवली होती. आवाज मात्र माणसाच्या निरोपाचा आणि त्याचा अगदी सारखा, आणि माझा आक्षेप आहे तो इथे.

गंमत म्हणजे ही सोय सुरुवातीला आली ती बॅटरी वाचवायला. ॲपलने २००९ मध्ये बाहेरच्या ॲपना पुश नोटिफिकेशन खुले केले, तेव्हा त्यामागचा हिशेब असा होता की प्रत्येक ॲप पाठीमागे सतत चालू राहण्यापेक्षा काही घडले की सर्व्हरने कळवावे. बॅटरी वाचली, डोके खर्ची पडले.

माझा पहिला उपाय अडाणीपणाचा होता. मी सरळ फोन मुका करून टाकला. आवाज बंद, थरथर बंद. चार दिवस बरे गेले. नाही, खरे सांगायचे तर तेही बरे गेले नाहीत. काही आले असेल का, म्हणून मी दर दहा मिनिटांनी स्वतःच फोन उघडून पाहत होते. पाचव्या दिवशी धाकट्या बहिणीने तीनदा फोन केला. ती जिन्यात पाय घसरून पडली होती आणि तिला न्यायला कोणीतरी हवे होते. मी दीड तासाने पाहिले. शेजाऱ्यांनी तिला नेले, पाय मोडला नव्हता, पण ती अजून अधूनमधून “तुझा फोन काय, शोभेला आहे” असे ऐकवते.

२०१९ मधल्या एका अभ्यासात हेच निघाले होते, असे नंतर कळले. ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीन ठरावीक वेळा एकत्र मिळाल्या, त्यांचे लक्ष सुधारले आणि ताण कमी झाला. ज्यांच्या पूर्ण बंद केल्या, त्यांना फारसा फायदा झाला नाही, उलट अस्वस्थता आणि काहीतरी हुकल्याची रुखरुख वाढली. मी त्या दुसऱ्या गटात जाऊन बसले होते.

शेवटी मुलीने फोन हातात घेतला. तिने सांगितले, “आई, फोन मुका करू नकोस. कोणाला बोलू द्यायचे ते ठरव.” ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ठरावीक माणसांना सूट देता येते, हे मला माहीतच नव्हते. माझ्या फोनवर पाच जणांच्या नावापुढे तारा लावला आहे, त्यांचे फोन केव्हाही वाजतात. शिवाय एकाच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला, तर तोही वाजू द्यायचा, असा एक खटका आहे. (आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची असते.) त्या दिवशी तो चालू असता, तर बहिणीचा दुसरा फोन मला ऐकू आला असता.

मग वही घेऊन ९४ ओळींवर बसले. प्रुफात नको असलेल्या मजकुरावर आम्ही ‘काढा’ची खूण करतो आणि चुकून खोडलेल्यावर ‘राहू द्या’ची. तसेच केले. ३१ ओळींवर डोळे मिटून ‘काढा’. त्यासाठी ॲप काढून टाकावे लागत नाही, ही मला खरी उपयोगी पडलेली गोष्ट. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून, म्हणजे आठव्या आवृत्तीपासून, एकाच ॲपच्या नोटिफिकेशन वेगवेगळ्या प्रकारांत विभागलेल्या असतात. आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरले की ती कोणत्या प्रकारातली आहे ते दिसते आणि तेवढा प्रकार बंद करता येतो. थेट मेसेज चालू, सुचवण्या बंद. अर्थात ॲपवाल्यांनी प्रकार प्रामाणिकपणे पाडलेले असतील तरच. काही ठिकाणी सगळे एकाच ‘इतर’ नावाच्या पोत्यात कोंबलेले असते. त्या पोत्याचे तोंड मी बांधून टाकले. मुलीच्या आयफोनवर असे प्रकार दिसत नाहीत, तिला प्रत्येक ॲपच्या आत जाऊन शोधावे लागले. पण तिच्याकडे २०२१ पासून दुसरी सोय आहे. बिनघाईच्या नोटिफिकेशन ठरवलेल्या वेळी एकगठ्ठा मिळतात. यूट्यूबवरही दिवसातून एकदाच सगळे कळवा, असे सांगता येते.

घाईत पुसून टाकलेली नोटिफिकेशन कोणाची होती, हा प्रश्न मला फार छळायचा. अकराव्या अँड्रॉइडपासून नोटिफिकेशनचा इतिहास पाहता येतो, तो फक्त आधी चालू करून ठेवावा लागतो. तो चालू केल्यापासून वहीची गरज उरली नाही. वही मी तरी ठेवली आहे, सवय.

आवाज गेले, तरी ॲपच्या चित्रावरचे ते लाल आकडे राहिले होते. चुकीचे अक्षर दिसले की मला जसे स्वस्थ बसवत नाही, तसेच आकडा दिसला की बसवत नाही. तेही बंद केले. हे शेवटी केले, आधी करायला हवे होते.

राहिल्या ग्रुपच्या ५२ ओळी. इथे यंत्राला दोष देऊन सुटका नाही, इथे आपणच आहोत. व्हॉट्सॲपवर ग्रुप आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा म्यूट करता येतो. कायमचा हा पर्याय २०२० मध्ये आला, त्याआधी वर्षभराचा होता. म्यूट केला तरी कुणी आपले नाव घालून लिहिले किंवा आपल्या मेसेजला उत्तर दिले, तर ते कळते. म्हणून म्यूट करणे म्हणजे दार लावून घेणे नव्हे. मी नऊपैकी आठ ग्रुप कायमचे म्यूट केले, आणि कोणालाही कळले नाही. ‘तुम्ही हल्ली ग्रुपवर नसता’ असे म्हणणारे, मी आधीही नसे तेव्हा, तेच म्हणत.

पण पाठवणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे की नाही? माझ्या वहीतला एक नमुना देते. बैठकीची वेळ बदलल्याचा निरोप एकाच माणसाने असा पाठवला होता: ‘नमस्कार’. ‘एक सांगायचे होते’. ‘उद्याची बैठक’. ‘पाचऐवजी सहाला’. ‘संध्याकाळी’. एका वाक्याचे पाच तुकडे, आमच्या ग्रुपमध्ये साठ माणसे. म्हणजे एका वाक्यासाठी जवळजवळ तीनशे वेळा कोणाचा ना कोणाचा फोन वाजला असणार. त्याखाली बावीस जणांचे ‘ओके’. आम्ही मुद्रितशोधक लेखकाला नम्रपणे सुचवतो, की वाक्य पूर्ण झाल्यावर पूर्णविराम द्यावा. ग्रुपवर वाक्य पूर्ण झाल्यावर पाठवण्याचे बटण दाबावे, एवढीच विनंती आहे. आणि कळले असेल तर अंगठा पुरे. त्या अंगठ्यांच्याही नोटिफिकेशन व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बंद करता येतात. मी केल्या.

हे सगळे करायला मला दोन दुपारी लागल्या. मुलगी नसती, तर लागल्याही नसत्या, कारण मी केलेच नसते. तेराव्या अँड्रॉइडपासून नवे ॲप घेतले की ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असे आधी विचारले जाते, आयफोनवर हे पूर्वीपासून आहे. पण आपण ‘हो’ दाबतो ते निरोप मिळावेत म्हणून आणि त्या एका ‘हो’च्या मागून सुचवण्या, आठवणी, वाढदिवस सगळे आत शिरतात. निरोप चालू आणि बाकी सगळे बंद, अशीच मूळ रचना असली पाहिजे. ज्याला हवे त्याने चालू करावे.

गेल्या सोमवारी पुन्हा मोजले. २३ ओळी. त्यांतल्या १२ माणसांच्या, माझ्या नावाच्या. ग्रुपच्या दोन. आणि उरलेल्या नऊ, संपादक महाराज, आपल्या वृत्तपत्राच्या ॲपच्या.

नऊपैकी दोन बातम्या मला लगेच कळायला हव्या होत्या, त्याबद्दल आभार. बाकीच्या सातांत तीन वेळा ‘धक्कादायक’ होते, एकदा ‘हे वाचून थक्क व्हाल’ होते आणि एका मथळ्यात ‘निधन’ या शब्दातला ‘नि’ दीर्घ होता. त्या सात नकोत म्हणून बंद करायला गेले, तर आपल्या ॲपमध्ये एकच प्रकार दिसला: ‘बातम्या’. सगळे घ्या किंवा सगळे सोडा. तातडीच्या बातम्या वेगळ्या आणि मनोरंजन वेगळे, असे दोन खटके आपल्या तांत्रिक विभागाला सहज देता येतील. तोपर्यंत माझ्या वहीत आपल्या ॲपपुढे ‘काढा’ची खूण आहे. दोन खटके दिलेत, की तिथे ‘राहू द्या’ लिहीन.

आपली एक वाचक,
मुद्रितशोधक