दहा मिनिटांचा सल्ला आणि त्यानंतरचे काम

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन अशा तिन्ही जबाबदाऱ्या एकदमच अंगावर पडलेल्या नवोदित वैद्यकीय अध्यापकांसाठी ‘स्पीड मेंटॉरिंग’ हा उपक्रम वैद्यकीय परिषदांमध्ये आणि महाविद्यालयांमध्ये राबवला जातो. त्याविषयी एकीकडे भाबडे कौतुक आणि दुसरीकडे सरसकट थट्टा ऐकू येते, म्हणून हा पत्रप्रपंच. ज्येष्ठ प्राध्यापक आपापल्या टेबलाशी बसलेले असतात, तरुण डॉक्टर एकेकाशी दहाएक मिनिटे बोलतो आणि घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे वळतो. जोडीदार शोधणाऱ्यांसाठी १९९८च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘स्पीड डेटिंग’वरून ही कल्पना उचललेली असल्याने काही ज्येष्ठ नाक मुरडतात, यात नवल नाही.

गरज मात्र खरी आहे. ‘जामा’ या नियतकालिकात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार निम्म्याहून कमी वैद्यकीय विद्यार्थ्यांना मार्गदर्शक लाभलेला होता, आणि काही विद्याशाखांतील अध्यापकांमध्ये तर हे प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली होते.

माझ्या मते या उपक्रमाचे खरे मोल वेळ वाचण्यात नसून समोरचा माणूस परक्या विभागातला असण्यात आहे. शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे लागावे, हा प्रश्न सहाय्यक प्राध्यापकाने स्वतःच्या विभागप्रमुखाला विचारायचा कसा, जेव्हा त्या नावावर हक्क सांगणारा आणि त्याच्या कामाचा वार्षिक अहवाल लिहिणारा माणूस एकच असतो? परक्या विभागातला प्राध्यापक त्याला निःसंकोचपणे सांगू शकतो की, वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याच्या चार अटी घातलेल्या आहेत. कामात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक फेरतपासणी, अंतिम मसुद्याला संमती आणि मजकुराची जबाबदारी या चारही पूर्ण व्हाव्या लागतात, आणि केवळ विभागप्रमुखपद त्यांत बसत नाही. एवढे कळायला दहा मिनिटे पुष्कळ झाली.

अर्थात, प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघमच मिळते. ‘संशोधनासाठी वेळ कसा काढू?’ असे विचारणाऱ्याच्या पदरी प्रवचन पडते (आम्हा ज्येष्ठांना ते देण्याची हौसही दांडगी असते). याउलट, ‘परीक्षकाने माझ्या निबंधातील संख्याशास्त्रीय विश्लेषण नव्याने करायला सांगितले आहे; ते करून तिथेच पाठवू, की दुसरे नियतकालिक शोधू?’ असे विचारणारा उठताना काहीतरी घेऊन उठतो. म्हणून प्रत्येकाकडून एक नेमका प्रश्न आणि पानभर परिचय आयोजकांनी आधी मागवून घ्यावा आणि त्यानुसार जोड्या लावाव्यात. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या असतील, तर चहापानाच्या वेळेत होणाऱ्या गप्पा काय वाईट?

या उपक्रमाकडून दीर्घकालीन मार्गदर्शनाची अपेक्षा मात्र धरू नये. कच्चा मसुदा ओळीओळीने तपासणे, संशोधन-अनुदानाचा अर्ज पुन्हा पुन्हा बांधणे, नोकरी सोडण्याच्या विचारात असलेल्या सहकाऱ्याचे शांतपणे ऐकून घेणे, ही कामे महिनोन्‌महिने चालतात. एवढ्या भेटींतून ज्याच्याशी सूर जुळला अशा एकाशी महिन्याभरात निवांत दुसरी भेट ठरली, तरच पहिल्या दहा मिनिटांचा उपयोग झाला असे म्हणता येईल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी समूह-छायाचित्र आणि प्रमाणपत्र यांवरच समारोप होतो.

तेव्हा संस्थांनी दोन गोष्टी कराव्यात. उपक्रमाच्या वेळेत तरुण डॉक्टरांच्या ड्यूटीला बदली माणूस द्यावा. वॉर्डमधून फोन येईल या धास्तीने टेबलाशी बसलेल्याला कोणताही सल्ला ऐकू जात नाही. आणि ज्येष्ठांनी मार्गदर्शनाला दिलेले तास त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात व बढतीच्या निकषांत मोजावेत, कारण आज निबंध मोजले जातात, व्याख्याने मोजली जातात, पण दुसऱ्याचा निबंध मार्गी लावण्यात गेलेल्या संध्याकाळी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

आपला,
वैद्यकीय महाविद्यालयातील एक प्राध्यापक