सर, तुम्ही आईच्या तळहातावर दाणे मोजलेत

आदरणीय सर,

परवा नव्या गव्हाची पहिली पोळी तव्यावर टाकताना आईला तुमची आठवण आली आणि तिचे डोळे भरले. तेव्हाच ठरवलं, तुमचे आभार चार लोकांसमोर मानायचे.

गेल्या वर्षी शिरूरकडच्या आमच्या रानातला गहू फसला. कांदा निघायला उशीर झाला, त्यामुळे पेरणी १८ डिसेंबरला. बियाणं देताना दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "हे वाण कुठंही टाका, कधीही टाका." मार्चमध्ये ओंब्या भराभर पिवळ्या पडल्या आणि दाणा जिऱ्यासारखा बारीक निघाला. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "पाणी चुकलं असेल. बाईमाणसाच्या हातची शेती." पाहणीला आलेले एकजण बांधावरूनच फोटो काढून गेले, ते परत फिरकले नाहीत. बाबा गेल्यानंतरचा आईचा तो पहिलाच गहू. आपलंच चुकलं, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं आणि पिशवीत मूठभर ओंब्या घेऊन आम्ही पुण्यात तुमच्या दारात आलो. तुम्ही गव्हाचे निवृत्त जाणकार, आमची ओळख ना पाळख. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "पेरणी कोणत्या तारखेची?" तोवर हे आम्हाला एकानंही विचारलं नव्हतं.

मग तुम्ही एक ओंबी आईच्या तळहातावर चोळलीत, फुंकर मारून भुसा उडवलात आणि एकेक दाणा बोटानं सरकवत मोजलात. एकेचाळीस. म्हणालात, "ताई, दाणे पुरेसे धरलेत, फक्त भरले नाहीत. सुरुवातीपासून पाण्याची हयगय झाली असती तर फुटवे आणि दाणे आधीच कमी झाले असते. तुमचं काही चुकलेलं नाही. दाणा भरायच्या वेळी ऊन तापलं आणि या वाणाला ते सोसत नाही."

सर, "चुकलेलं नाही" हे शब्द ऐकायला आई दोन महिने थांबली होती.

वाणाचा उतारा, म्हणजे एकरी येणारं पीक, एकट्या बियाण्यात नसतो, तो ठिकाण आणि तारखेवरही ठरतो, हे त्या दिवशी कळलं. एका शेतातलं अव्वल वाण दुसऱ्या शेतात मागं पडतं, म्हणूनच नवी वाणं तयार करणारे पैदासकार एकच वाण अनेक ठिकाणी, वेळेवर आणि उशिरा पेरून पाहतात. गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. मेक्सिकोत सोनोराच्या सखल, उष्ण भागात एक पीक आणि टोलुकाच्या सुमारे २६०० मीटर उंचीवर दुसरं, असं वर्षाला दोनदा पेरून दोन्हीकडे तगणारी रोपं त्यांनी निवडली. दिवस लहान असो की मोठा, त्या गव्हाचं अडत नसे. त्यातलीच बुटकी वाणं १९६०च्या दशकात आपल्याकडे आली. एवढी मोठी गोष्ट तुम्ही आईशी अशी बोललात, जणू तीही त्याच कामातली.

यंदा तुमच्या सांगण्यावरून दोन वाणं दोन तारखांना पेरली. एक गेल्या वर्षीचंच आणि दुसरं निफाडच्या संशोधन केंद्राचं एनआयएडब्ल्यू ३४, जे बागायती उशिरा पेरणीसाठीच आहे. नोव्हेंबरच्या तुकड्यात जुन्या वाणानं बाजी मारली. डिसेंबरच्या तुकड्यात मात्र तेच मागं पडलं आणि निफाडचं पुढं गेलं. म्हणजे दुकानदाराचं वाण वाईट नव्हतं, त्याचं "कधीही टाका" वाईट होतं.  वाण कोणत्या पेरणीसाठी आहे, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो?

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून अजून कुणाच्या दारात जायचं धाडस होतं. फी विचारली तर तुम्ही चहाचा दुसरा कप पुढं केलात.

गेल्या वर्षीचे ते एकेचाळीस दाणे आईनं कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवलेत. यंदा डिसेंबरच्या तुकड्यातली एक ओंबी तिनं स्वतः चोळली आणि दाणे मोजले. बेचाळीस. फरक एका दाण्याचा, पण दोन्ही हातांत दोन पुड्या धरून ती मला म्हणाली, "बघ, ही जड लागते."

तुमची,
शिरूरच्या ताईंची लेक