नाताळ आमचा मराठीतलाच

महोदय,

नाताळनिमित्त आपल्या पुरवणीत पानभर मजकूर होता. छायाचित्रं सगळी बर्फाची आणि मॉलमधल्या झाडांची, आणि सुरुवातच ‘पाश्चात्त्यांचा सण’ अशी. मी सदुसष्ट वर्षांची आहे, जन्म ठाण्यातला, आणि आजवरचा प्रत्येक नाताळ आमच्या घरी मराठीतच झाला. ते शब्द मनाला लागले, म्हणून लिहिते आहे.

आम्ही ईस्ट इंडियन. नाव ऐकून लोकांना आम्ही बंगालकडचे वाटतो. खरं तर ठाणे, साष्टी, वसई इथलेच. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, आमच्या वाडवडिलांनी हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, पण माझी आई मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, लुगडं नेसूनच जायची. ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. चावी, पगार, बटाटा ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं तो मराठीत आला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, पोर्तुगीज गेले, शब्द राहिला आणि सणही राहिला.

लेखात २५ डिसेंबर ही येशूची जन्मतारीख म्हणून दिली आहे. बायबलमध्ये अशी तारीख कुठेच नाही. या दिवशी सण पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ.स. ३३६ची. गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडण्याची प्रथा रूढ झाली ती १२२३ नंतर. त्या वर्षी संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाण मांडली होती. त्यांच्या संघाचे साधू १३२१ मध्येच ठाण्यात पोहोचले होते, हे किती ठाणेकरांना ठाऊक आहे? आमच्या गोठ्यासाठी मी पंधरा दिवस आधी वाटीत नाचणी पेरते. नाताळपर्यंत हिरवंगार शेत तयार होतं.

आणि फुगे! त्यांचा लेखात उल्लेखही नाही. मैदा, अंडी, नारळाचं दूध. आई पीठ ताडीनं आंबवायची, मी यीस्ट घालते. चव तशी येत नाही, हे कबूल करते. फुगलेलं पीठ मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून वर दाबायचं, लिंबाएवढा गोळा वर आला की ओल्या बोटांनी अलगद तेलात सोडायचा आणि झाऱ्यानं वरून तेल उडवत राहायचं. जमला तर आतून पोकळ होतो. सोबत कोंबडीचा रस्सा, त्यात उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला बॉटल मसाला. करंजीसारख्या नेवऱ्यांचं ताट विणलेल्या रुमालानं झाकून शेजारच्या काकूंकडे जातं. दिवाळीत त्यांचा फराळ येतो, तेव्हा आमच्याकडूनही त्यांचं ताट कधी रिकामं परत जात नाही. चाळ पाडून टॉवर झाला, तरी ही देवाणघेवाण चौदाव्या मजल्यावर चालूच आहे.

पुढच्या नाताळला आपला वार्ताहर मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये पाठवा. तिथून आमच्याकडेही यावं. २४ तारखेला दुपारी तीन वाजता मी तळायला बसते.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)