मॅडम, फाइलवरच्या त्या दोन ओळींसाठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मागच्या तपासणीला आले तेव्हा हे सगळं तोंडी सांगायचं ठरवून आले होते. तुमच्यासमोर बसले आणि घसा दाटून आला. "बरं आहे आता," एवढंच म्हणून उठले. बाहेर पुष्कळ जण ताटकळत होते, त्यांचा वेळ घ्यावासा वाटेना. म्हणून लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारखं कुणी आज वजनकाट्यावर उभं राहून स्वतःलाच बोल लावत असेल, तर त्याच्याही नजरेस हे पडावं.

तुम्हाला मी पहिल्यांदा कशी आले ते आठवत असेल की नाही, कोण जाणे. दोन वह्या आणि एक जाडजूड फाइल घेऊन आले होते. हिशेब लिहिणं हा माझा पेशा. शुगर निघाली त्या दिवसापासून खाणं, चालणं, गोळ्या आणि आकडे यांची नोंद मी एकही दिवस न गाळता ठेवली होती. उपाशीपोटीचा आकडा निळ्या शाईत, जेवणानंतरचा लाल. असे १४ महिने. त्या वह्या तुमच्याआधी दोन डॉक्टरांपुढे ठेवून झाल्या होत्या. एकांनी वरचं पान पाहिलं. दुसऱ्यांनी वही न उघडताच बाजूला सरकवली आणि म्हणाले, "कागदावर सगळेच पथ्य पाळतात."

ते वाक्य अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

माझी शुगर नेहमीच्या रक्ततपासणीत निघाली. वय ३८, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, ७.९. तिशी उलटलेली, म्हणजे टाइप २, असं ठरलं आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झाली. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. मोठेपणी निघणारा डायबिटीस बहुतेक वेळा टाइप २च असतो, आणि पहिले काही महिने आकडे खरोखर खाली आलेही. मग चढायला लागले. एक गोळी वाढली, पुढे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी दुसरी आली, त्यानंतर लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी तिसरी. वजन ५७ वरून ४७ किलोवर आलं. रात्री चार-पाच वेळा उठावं लागे, आणि कितीही पाणी प्यायलं तरी जीभ टाळ्याला चिकटलेली असे. एचबीएवनसी ११.२ झालं. दर वेळी विचारणा एकच, "काय खाता?" आधीच बारीक असलेली बाई दहा किलोनं उतरली कशी, हे एकदाही कुणी विचारलं नाही.

मग मीच ताटातलं कमी करत गेले. आकडा वाढला की अर्धं, आणखी वाढला की त्याच्याही अर्धं. शेवटी शेवटी जिना चढताना कठडा धरावा लागायचा. त्यात एक धाक सतत डोक्यावर असायचा. "ऐकलं नाहीत तर इन्सुलिनवर जावं लागेल." पोराला कोंडून ठेवायची भीती घालावी, तसं ते सांगितलं जायचं. आणि मी ऐकतच होते हो, मॅडम. जेवढं सांगितलं त्याच्या दुप्पट ऐकत होते.

घरातही संशय शिरला होता. माझा नवरा मनाचा चांगला आहे, पण डॉक्टर सांगतात ते खोटं कसं असेल, असं त्यालाही वाटायला लागलं. एका रात्री मी उठून स्वयंपाकघरात गेले, तर मागोमाग येऊन त्यानं दिवा लावला. बोलला काहीच नाही. नुसतं माझ्या हातात काय आहे ते पाहिलं. हातात पाण्याचा पेला होता.

अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले. खरं तर शेवटचं म्हणून आले होते. आता कुणाकडे जायचं नाही, असं ठरवून.

तुम्ही वही उघडलीत. पहिल्या पानापासून. मध्येच थांबून विचारलंत, "इथे लाल आकडा एकदम उडालाय, त्या दिवशी ताप होता का?" होता. १४ महिन्यांत माझ्या वहीला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. मग फाइल चाळता चाळता म्हणालात, "थायरॉइडची गोळी किती वर्षं घेताय?" माझ्या कागदांवर ते पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं असणार. पण थायरॉइडला शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नडली असेल तर ती स्वादुपिंडालाही नडू शकते, हे दोन धागे जोडून पाहिलेत ते तुम्ही.

त्याच दिवशी तुम्ही ती तिसरी गोळी बंद केलीत आणि लघवीतले कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं, तपासून घेतलेत. शरीरात इन्सुलिनच कमी असताना त्या गोळीवर राहिलं तर रक्तातलं आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, तेही शुगर फार चढलेली नसताना, हे मला तेव्हा कळलं. मी किती कडेला उभी होते, ते आठवलं की आजही हात गार पडतात.

पुढच्या तपासण्यांचं सगळं इथे लिहीत बसत नाही. जीएडी अँटीबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावरच उलटल्याची रक्तातली खूण, पॉझिटिव्ह आल्या आणि सी-पेप्टाइड अगदी कमी निघालं. सी-पेप्टाइड काय असतं, हे तुम्ही सांगितलंत ते मात्र लिहिते, कारण माझ्या हिशेबी डोक्यात ते चटकन बसलं. स्वादुपिंड जेवढं इन्सुलिन तयार करतं तेवढंच सी-पेप्टाइडही त्याच्या जोडीनं बाहेर पडतं. म्हणजे ती पावतीची स्थळप्रत झाली. माझ्या पावतीपुस्तकात स्थळप्रतीच नव्हत्या, कारण पावत्याच फाटत नव्हत्या. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी माझ्याच शरीरातले पहारेकरी शत्रू समजून मारत होते. लहान मुलांत हे झपाट्यानं होतं, मोठ्यांत सावकाश. म्हणून सुरुवातीला गोळ्या लागू पडतात, आणि म्हणूनच फसायला होतं. या प्रकाराला लाडा (LADA) म्हणतात, आणि ते नाव १९९३ पासून वैद्यकात रूढ आहे, असं नंतर माझ्या वाचनात आलं. ब्रिटनमध्ये टाइप २च्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात टाइप २ म्हणूनच घेतलेल्या दर दहा जणांतल्या साधारण एकाच्या रक्तात या अँटीबॉडी सापडल्या. ते १९९७ साली छापून आलं. म्हणजे माझा आजार काही लाखात एक नव्हता. कुणाला तरी शंका यायला हवी होती, एवढंच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

रिपोर्ट समजावून झाल्यावर तुम्ही माझी जुनी फाइल परत जवळ ओढलीत. तिच्यावर आधीच्या डॉक्टरांनी इंग्रजीत एक शेरा मारला होता, 'नॉन-कम्प्लायंट'. सांगितलेलं न पाळणारी. तो शब्द मी रोज बघायचे. फाइल उघडली की पहिला तोच दिसायचा. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "दुसऱ्याच्या लिखाणावर मी काट मारत नाही. पण खाली लिहिते." मग पेन काढून सावकाश, शाळेत लिहितात तशा सुट्या अक्षरांत मराठीत लिहिलंत: 'पथ्य काटेकोर, औषधं वेळेवर. शुगर वाढली ती इन्सुलिन कमी पडल्यामुळे. यात पेशंटची चूक नाही.' खाली सही केलीत, तारीख घातलीत आणि फाइल माझ्याकडे फिरवून म्हणालात, "वाचून बघा, बरोबर लिहिलंय ना?"

मला वाचता येईना. अक्षरं पाण्यात गेल्यासारखी हलत होती. तुम्ही खणातून कागदी रुमाल काढून पुढे ठेवलात आणि स्वतः रिपोर्टमध्ये मान घालून बसलात, मी सावरेपर्यंत. मला पाहत राहिला असतात तर मी आणखी कोसळले असते. तेही तुम्हाला कळलं.

त्या शेऱ्यानं माझी शुगर उतरली नाही, ती इन्सुलिननं उतरली. पण त्याआधी मी परत माणसांत आले, ती त्या दोन ओळींनी. कुणाच्या नावावर चुकीची नोंद पडली असेल तर ती दुरुस्त करायची, आणि लेखी करायची, हे मी रोज आकड्यांच्या बाबतीत करते. माणसाच्या बाबतीत ते कुणी केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठे त्याग आठवतात. मला वाटतं, ज्याचं त्याच्या पदरात घालणं हा सगळ्यात स्वच्छ चांगुलपणा. इन्सुलिनच्या शोधाबद्दल १९२३ मध्ये नोबेल मिळालं ते बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना. प्रयोगशाळेत बरोबरीनं राबलेल्या तरुण बेस्टचं नाव त्यात नव्हतं. बँटिंगनं आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्टला देऊ केली. हे वाचताना मला तुमचं ते पेन आठवलं.

त्याच वाचनात टोरांटोचा लिओनार्ड थॉम्पसन भेटला. १४ वर्षांचा मुलगा. जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिन मिळालेला पहिला पेशंट. तोवर अशा मुलांना जगवायचं म्हणजे उपाशी ठेवायचं, एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. नुसती हाडं उरलेली मुलं. पहिलं इंजेक्शन त्याला नीट मानवलं नाही. औषध आणखी शुद्ध करून १२ दिवसांनी परत दिलं आणि पोरगं सुधारायला लागलं, पुढे १३ वर्षं जगलं. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. इन्सुलिन निघून शंभर वर्षं झाली, आणि मी ताटातलं अर्ध्याचं अर्धं करत कठडा धरून जिना चढत होते.

इन्सुलिनचं नाव काढलंत तेव्हा माझा चेहरा उतरलेला तुम्ही पाहिलात. तुम्ही समजूत घालत बसला नाहीत. एवढंच विचारलंत, "थायरॉइडची गोळी घेताना कधी हरल्यासारखं वाटलं का?" नाही वाटलं. "मग हेही तसंच. शरीरात जे कमी पडतंय ते बाहेरून घालायचं." १४ महिन्यांची भीती तुमच्या एका प्रश्नानं निम्मी झाली.

आणि तुम्ही मला आधी सावध केलंत, तेही फार मोलाचं ठरलं. शुगर खाली येताना काही आठवडे दिसायला अंधुक होईल, घाबरून नवा चष्मा करू नका, म्हणालात. दहाव्या दिवशी वहीतले माझेच आकडे धूसर दिसायला लागले तेव्हा मी शांत राहू शकले, ते त्यामुळे. महिनाभरात नजर आपोआप स्थिर झाली. शुगर ७०च्या खाली गेली तर साखर किती घ्यायची, पुन्हा कधी तपासायचं, हे तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलंत. एका पहाटे ५८ आला. हात थरथरत होते, पण डोकं ठिकाणावर होतं.

आज वजन ५५ आहे. गेल्या वेळचं एचबीएवनसी ६.८. जिना चढताना कठड्याची आठवणही येत नाही.

ज्यांनी वही उघडली नाही त्यांच्यावर मी पूर्वीइतकी चिडलेली नाही. पहिलं निदान चुकलं, ते मी केव्हाच सोडून दिलं. पण औषध लागू पडत नाही म्हटल्यावर आधी माणसावर संशय घ्यायचा आणि निदानावर नाही, हे अजून मला पटत नाही. त्यांच्यापैकी एकांना मी तुमचे रिपोर्ट नेऊन दाखवले. भांडायला गेले नव्हते. त्यांच्याकडे उद्या माझ्यासारखीच कुणी आली तर तिची ही तपासणी व्हावी, म्हणून गेले होते. त्यांनी ते पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ज्या दिवशी तुम्ही फाइलवर लिहून दिलंत, त्या संध्याकाळी ती मी टेबलावर उघडीच ठेवली. नवऱ्यानं उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसला आणि परत वाचलं. "मला माफ कर," म्हणाला. त्याच रात्री मी पहिल्यांदा स्वतः इन्सुलिन घेणार होते. आठ युनिट. इन्सुलिनच्या पेनाची ती चार मिलिमीटरची बारीकशी सुई पोटाशी धरून मी किती वेळ नुसती बसून होते. टोचल्यावर लगेच काढायची नाही, दहापर्यंत मोजायचं, असं तुम्ही बजावलं होतं. मला ते सुचेना. समोर बसून त्यानंच मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... पाचापर्यंत आला आणि त्याचा आवाज फुटला. तरी दहापर्यंत मोजलं त्यानं.

रात्रीचं इंजेक्शन अजून तोच मोजतो.

तुमची ऋणी,
दोन वह्या घेऊन आलेली पेशंट